हात बसलेला माणूस

"हात बसला की भीती जाते, ताई." इथे आखातात, अझैब्यातल्या आमच्या ऑफिसचे स्टोअरकीपर हे वाक्य कुठल्याही कामाला चिकटवायचे. कारकुनाला पाल पकडायला लावतानाही तेच, मला मोठी गाडी रिव्हर्स घ्यायला शिकवतानाही तेच. माझी भीती खरोखर गेली. म्हणून तर राग जास्त येतो.

माणूस रत्नागिरीकडचा, साठीला टेकलेला, सगळ्यांचा चाचा. शुक्रवारी निझव्याच्या बाजारात जुन्या अर्बाबच्या, म्हणजे आधीच्या मालकाच्या, दुकानात मदतीला जायचे. तिथे खंजीर, चांदीच्या डब्या आणि जुन्या बंदुका. लग्नात नाचवायच्या, बैठकीत टांगायच्या.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळाची अकरा मुलं घेऊन मी निझव्याला गेले. यादी चोख: टोप्या, पाणी, उलटीच्या पिशव्या, प्रत्येकाच्या आईचा नंबर. दोघींना शौचालयात नेऊन परत येते, तर बाकीची मुलं चाचांच्या दुकानात रांगेत उभी आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या हातात बंदूक!

"बोट बाहेर. नळी जमिनीकडे. शाब्बास!" चाचा सांगत होते.

"आई, इट्स सो हेवी!"

मी बंदूक हिसकावली. "चाचा, डोकं ठिकाणावर आहे का?"

"रिकामी आहे, मी तपासली. शिकलेलं पोर चूक करत नाही, ताई."

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

"अब्बांनी. सातव्या वर्षी. घरची ठासणीची, रानडुकरांसाठी. अजून गावच्या घरी भिंतीला आहे." मग आवाज उतरला. "आठव्या वर्षी माझ्या हातून बहिणीचा डोळा गेला. अब्बांनी नीट शिकवलं नव्हतं."

"नीटच शिकवलं होतं! म्हणून तर भिंतीवरून खाली काढता आली तुम्हाला!" मी भर बाजारात ओरडले. तुम्हीच सांगा, बंदूक कुलपात ठेवायचं काम मोठ्यांचं. ते टाळून पोरालाच शहाणं करायचं आणि स्वतः मोकळं व्हायचं, ही कुठली रीत?

चाचा बंदूक परत घेऊन फडक्याने तिच्यावरचे मुलांच्या बोटांचे ठसे पुसत राहिले.

नंतर कितीतरी दिवस ते माझ्या टेबलावर खजूर ठेवायचे. मी खजूर खायचे आणि तेच पुन्हा सांगायचे, "भिंतीवरची काढा." "इन्शाल्ला," ते म्हणायचे आणि गोदामाकडे वळायचे.

उन्हाळ्यात नोकरी संपवून ते गावी गेले. महिन्याभराने फोटो आला. अंगणात पाच वर्षांची नात, दोन वेण्या, हातात तिच्याहून लांब बंदूक. खाली चाचांचा मजकूर: "बघा ताई, बोट बाहेर."

बोट बाहेरच होतं, कबूल. पण फोटोसाठी पोरगी हसत कॅमेऱ्याकडे वळली होती आणि तिच्याबरोबर नळीही.

मी लिहिलं, "फोटो कोण काढतंय?"

"धाकटी नात. चारच वर्षांची आहे. छान काढते ना?"

मी तिथल्या तिथे फोन लावला. नुसता वाजत राहिला.