सहाऱ्यातले शहाणपण आणि पुसदची मडकी

सहारा सुकू लागला तेव्हा तिथल्या आदिमानवाने नेमके काय केले, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा लेख लिहायला घेतला. साठ सालाच्या आगेमागे अख्ख्या पुसदमध्ये या प्रश्नाने झोप उडालेला माणूस एकच होता, आणि तो भिंतीला भिंत लावून माझ्या शेजारी राहत होता. मी शिकवत असे त्याच शाळेत भूगोल शिकवणाऱ्या या मास्तरांइतका आदिमानवाचा सख्खा नातेवाईक मी दुसरा पाहिला नाही. सहाऱ्यात एके काळी तळी होती, गुरे चरत होती, लोक पोहत होते, हे ते अशा सुरात सांगत की त्या पोहणाऱ्यांत त्यांचे थोरले काका असावेत. पुढे पाऊस मागे हटला, तळी आटली, हे सांगताना ते खडू खाली ठेवत. आणि पुसदच्या उन्हाळ्यात वाढलेली मुले एकमेकांकडे पाहून हसत.

ज्ञान आचरणात आणले नाही तर ते परीक्षेपुरते उरते, असे मास्तरांचे मत होते. त्यामुळे होळी झाली की त्यांच्या घरी आदिमानवाची दिनचर्या सुरू होई. खाट सावलीबरोबर अंगणभर फिरे. पाहुण्याला निंबाखाली चहा मिळे, आणि गप्पा लांबल्या तर त्याच खाटेवरून तो गोठ्यापाशी उठे. एकदा त्यांनी पूस नदीच्या पात्रातल्या धारदार गारगोटीने वांगी चिरायला घेतली. त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, विळी पुढे सरकवली.

"लोखंड यायले अजून लय हजार वर्सं आहेत," मास्तर म्हणाले.

"मंग जेवन बी तवाच करू," असे म्हणून वहिनी चूल विझवू लागल्या. मास्तरांनी लोहयुग तत्काळ मान्य केले.

या मास्तरांच्या एकुलत्या एक मुलीचे लग्न फुलसावंगीच्या शेतकरी घरात ठरले. मुहूर्त वैशाखातला आणि लग्न मुलीच्या दारी, असे बोलणे झाले. तोवर मास्तरांची विहीर तळाला जाणार, हे सर्वांना ठाऊक होते. पंगतीला पाणी कमी पडले तर वऱ्हाड ते जन्मभर काढणार, आणि ऐकून घेणार पोरगी. म्हणून वहिनींनी पाण्याच्या गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवायचे म्हटले. मास्तरांनी साफ मनाई केली. वाळवंटातले शिकारी शहामृगाच्या अंड्याच्या कवचात पाणी भरून वाळूत पुरत आणि कोरड्या दिवसांत ते उकरून पीत, असे त्यांनी वाचले होते. पुसदच्या बाजारात शहामृग मिळत नसल्याने त्यांनी कुंभाराची मडकी आणली, माघात भरली, तोंडे लिंपली आणि अंगणात ओळीने पुरली.

"तू काई घोर करू नको," ते वहिनींना म्हणाले. "तुह्या मांडवाखाली तळं आहे."

लग्न आठवड्यावर आले आणि मांडवाच्या मेढी रोवताना मडकी उकरली गेली. ती अखंड होती, लिंपणही शाबूत होते. आत फक्त गार हवा होती. मास्तर खड्ड्याच्या काठावर बसले. मातीचे मडके पाझरते म्हणूनच त्यातले पाणी गार होते, हे ते दर उन्हाळ्यात फळ्यावर आकृती काढून शिकवत असत.

"अंड्याचं कवच पाझरत नाई, गुरुजी," ते मला म्हणाले. "मी भांडं बदललं, अन् सांगितलं कोनाले नाई. मले बी नाई."

गाडीवाला एव्हाना लग्नसराईत दुसरीकडे गुंतला होता. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी विचारले, "अजी, तळं आटल्यावर तिथल्या बाया काय करत होत्या, हे बी वाचलंच असन तुमी?"

"त्या निंगून जात. पान्याकडे."

"मंग आपन कायले बसून राह्यलो?"

फुलसावंगीच्या याह्यांच्या, म्हणजे मुलाच्या वडिलांच्या, मळ्यातल्या विहिरीला उन्हाळाभर पाणी असे. लग्न तुमच्याच दारी लावू, हा वहिनींचा निरोप घेऊन मीच मोटारीने गेलो. याह्यांनी तो शांतपणे ऐकला.

"पोरगी बी तुमीच आनता, वऱ्हाड बी तुमीच आनता. मंग आमी काय करावं, गुरुजी?"

"पाणी काढावं," मी म्हणालो. ते हसले आणि मोट जुंपायला उठले.

अशा रीतीने नवरीकडची मंडळी भांडीकुंडी आणि हळदीचे सामान बंड्यांत, म्हणजे बैलगाड्यांत, भरून निघाली. मास्तर काठी घेऊन सर्वांत पुढे चालत होते आणि वाटेत भेटेल त्याला स्थलांतराची कारणे समजावत होते. लग्न यथासांग लागले. पंगतीत बुंदी कमी पडली, पाणी उरले.

आमच्याकडे मुलगी निघते आणि आईबाप दारात उभे राहतात. इथे मुलगी दारात उभी राहिली आणि आईबाप बंडीत बसून निघाले. गाव मागे पडले. मास्तर हळूच म्हणाले, "गुरुजी, ते लोक निंगून गेले हे आपन दगडांवरून सांगतो. जाताना मांगं पाहत होते काय, हे कोन्त्या दगडावर सापडन?"

वहिनी मागेच पाहत होत्या.

तेव्हा माझे उत्तर असे: आदिमानव पाण्याकडे गेला, आणि मागे पाहत गेला. यातल्या दुसऱ्या भागाला माझ्यापाशी पुरावा नाही. पाण्यापायी ज्यांनी आपले ठिकाण सोडले आहे, अशा कोणाला तरी विचारून वाचकांनी तो स्वतः पडताळून पाहावा, ही विनंती.