दगडूनानांचं सूतक

पडक्या घरात शिरण्याआधी भास्करभाऊ दारात थांबून हाक मारत, "कोनी शे का घरमा?" घर संगणकाच्या पडद्यावरचं. जग बुडालेलं, सगळीकडे धूळ, त्यातून फिरून डबे-बाटल्या गोळा करायच्या आणि जगायचं, असा तो गेम. उत्तर कुठून येणार? तरी भाऊ थांबत, मग आत जाऊन एकच डबा उचलत आणि निघताना दार ओढून घेत. "मागून कोणी आलं तर त्यालाही उरायला हवं ना, सर." बाकीचे खेळणारे अख्खं घर धुऊन नेतात, हे मी सांगून पाहिलं. "त्यांचे संस्कार," भाऊ म्हणाले.

भाऊ मूळचे साक्रीकडचे, तोंडात अहिराणी; जळगावात आमच्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. आमची घरं समोरासमोर. मुलगी सासरी गेली, तिचा संगणक मागे राहिला आणि त्यात हा गेम. त्यात कसं वागायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. लुटारू व्हा, नाहीतर राजा व्हा. भाऊ भास्करभाऊच राहिले. एवढं जग बुडालं, पण माणसात काडीचा फरक नाही! मी त्यांना तोंडावर वेडं म्हणायचो आणि रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायचो.

गेममध्ये त्यांनी एक वस्ती उभी केली होती. तिथला म्हातारा मिस्त्री म्हणजे दगडूनाना. नाव भाऊंनीच ठेवलेलं. नानांची छाती खराब, औषधाची बाटली एकच. एकदा फाटकाशी एक बाई तापाने फणफणलेलं पोर घेऊन आली. औषध कोणाला, ते भाऊंनी ठरवायचं. "नाना काढतील कसंतरी," म्हणत त्यांनी ते पोराला दिलं. पोर वाचलं. नाना गेले.

भाऊंनी सूतक धरलं. दाढी बंद, पूजा बंद, गेमही बंद. प्राचार्यांनी चौकशी केली, तर म्हणाले, "घरात वाईट झालं." झालं! स्टाफरूममध्ये शोकसभा. सगळ्यांबरोबर मीही मान खाली घालून उभा राहिलो. संध्याकाळी गणिताच्या मॅडम भाऊंच्या दारावर आल्या. "वय काय होतं हो नानांचं?" वहिनींनी पाण्याचा पेला पुढे केला.

मॅडम गेल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, हसू येतं, पण यांच्या घशाखाली घास उतरत नाहीये. काहीतरी करा बाई तुम्ही."

गेममध्ये आधी साठवून ठेवलेल्या क्षणापाशी परत जाता येतं. मी गेलो. नाना शेकोटीपाशी खोकत बसलेले. भाऊंना बोलावलं.

भाऊ खुर्चीत बसले आणि नुसते बघत राहिले. मग गेममध्ये नानांच्या शेजारी जाऊन टेकले. "कसं काय नाना?" नाना इंग्रजीत काहीतरी खोकले. भाऊंचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात फाटक वाजलं. तीच बाई, तेच पोर.

"अहो, या वेळी नानांना द्या," मागून वहिनी म्हणाल्या. "आता तर माहीत आहे ना तुम्हाला काय होतं ते."

"तेच तर," भाऊ म्हणाले. "मागच्या वेळी माहीत नव्हतं, म्हणून सोपं गेलं."

फाटक वाजत होतं.

"माफ करा नाना. पोर बाहेर शे," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी फाटक उघडलं.