मन्मथअप्पांची सासुरवाशीण

अहमदपूरचे मन्मथअप्पा एरवी बायकांचे ब्लाउज शिवायचे आणि जत्रेत, भारुडाच्या फडात, स्वतःच बाई व्हायचे. त्यांची सासुरवाशीण माहेरच्या वाटेकडे बघत पदर सावरायला लागली, की पुढ्यातल्या बायकांचे हात नकळत आपापल्या पदराकडे जायचे. खेळ संपला की त्याच बायका त्यांची खणानारळानं ओटी भरायच्या. तीस वर्षं हे असंच चाललेलं.

लाज वाटायची ती एकट्या दामिनीला. लातूरला शिकणारी ही लाडकी लेक मैत्रिणींना 'अप्पा टेलर हायत' एवढंच सांगायची. अप्पांना ते ठाऊक होतं आणि फार लागत होतं. म्हणून टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमासाठी कलाकारांची निवड लातुरात आहे म्हटल्यावर त्यांनी दुकानाला सरळ कुलूप घातलं. टीव्हीत दिसलो की पोरगी मान वर करून 'हा माझा बाप' म्हणून सांगेल, एवढीच त्यांची आशा.

मिशी सफाचट करून, चापूनचोपून नऊवारी नेसून अप्पा कॅमेऱ्यापुढं रडले. टीव्हीवाला म्हणाला, "काका, तुम्ही तर बाईच वाटताय."

"मग काय वाटाया पायजे?"

"पुरुष! नाहीतर लोक हसणार कशावर?"

त्यानं अप्पांना झुपकेदार मिशी चिकटवली आणि निऱ्यांत पाय अडकून पडायला सांगितलं. जन्मात कधी ज्याचा पाय निरीत अडकला नाही, त्यानं तो मुद्दाम अडकवायचा! चौथ्या खेपेला जमलं. गुडघा फुटला, हॉल खदखदून हसला.

महिन्यानं ते टीव्हीवर लागलं. दर जत्रेला ओटी भरणाऱ्या शेजारच्या उमाबाईसुद्धा पोट धरून हसल्या. मग इतकी वर्षं आपली सासुरवाशीण बघून ही उमाबाई रडत होती ते काय होतं? अप्पांचं डोकंच चालेना.

तेवढ्यात दामिनीचा फोन आला. "अप्पा, लई भारी! होस्टेलच्या पोरी हसून हसून लोळायल्यात. मी सांगून टाकलं, हे माझे अप्पा हायत!"

अप्पांना हेच तर ऐकायचं होतं.

"औंदा जत्रेला सगळ्या जणींना घेऊन येते, तुमचं भारूड दाखवाया."

"ये की माय."

"पण अप्पा, तसंच पडाल ना?"

अप्पांचा हात नकळत फुटलेल्या गुडघ्याकडे गेला.

"पडतो, माय," ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते आनंदाचं की कशाचं, त्यांचं त्यांनाच कळेना.