एका कानातली मालिका

माझ्यासारख्यानं इथं लिहावं की नाही, हे शेवटपर्यंत ठरत नव्हतं. या पानावर मी आजवर मोठ्या माणसांबद्दल वाचत आलोय, आणि लिहिणारेही मोठेच असतात. मी बेळगावात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. आणि जिच्याबद्दल लिहितोय, ती माझी आत्या, निपाणीत विड्या वळायची. सगळे तिला आक्का म्हणायचे, मीही तेच म्हणत आलो. त्यात पुन्हा सांगायचंय ते एका टीव्ही मालिकेबद्दल, म्हणजे अजूनच हलका विषय... वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

शेडमध्ये बायका ओळीनं बसतात, प्रत्येकीच्या मांडीवर सूप. नजर पानावर, बोटं दोऱ्यावर. मोबाईल बघायचा तर हात थांबतो. मुकादमाला फोनचा आवाज खपत नसे, बायकांच्या बोलण्याला मात्र त्याची हरकत नव्हती. म्हणून त्यांनी एक पद्धत काढली होती. एकीनं इअरफोन एका कानात घालून आदल्या दिवशीचा भाग बघायचा आणि बाकीच्यांना सांगायचा. तेवढ्या वेळात तिच्या विड्या मागं पडतात, म्हणून नंतर प्रत्येकीनं आपल्यातल्या थोड्या तिच्या सुपात टाकायच्या. हे सांगायचं काम आक्काकडं होतं. मालिका विनोदी, एका तालुका कचेरीतली. मीनल ही हुशार कारकून, आणि समोरच्या टेबलावर समीर. तो फायली हरवायचा, ती शोधून द्यायची, आणि दुपारी तो तिच्या डब्यातलं खायचा. त्या दोघांचं सगळं प्रेम त्या डब्यावर चाललं होतं.

सुट्टीत मी जेवण घेऊन शेडमध्ये जायचो तेव्हा ऐकत बसायचो. आक्का जे दिसेल ते सांगायची, पण आपलं मत घालून. समीर डब्याकडं आला की म्हणायची, "आलं बघा मांजरागत. ह्येच्या घरात चूल न्हाय काय?" तिच्या शेजारी सुशीला बसायची, वयानं लहान, समीरवर तिचा जीव. ती म्हणायची, "आक्का, प्रेम हाय गं त्येचं." त्यावर आक्का हातातलं पान न सोडता म्हणायची, "मग एक दिवस त्येनं डबा करून आणू दे की. मी बी प्रेमानं सांगतो." सगळी ओळ हसायची, मुकादमसुद्धा.

बेळगावला होस्टेलवर आलो आणि त्याच मालिकेचं दुसरं रूप बघितलं. माझ्या खोलीतल्या प्रमोदनं भिंतीवर देवाच्या कॅलेंडरशेजारी मीनल आणि समीरचा फोटो लावला होता. दोघांची नावं जोडून ही मंडळी 'समीनल' म्हणायची. त्यांचा एक ग्रुप होता, त्यानं मलाही त्यात ओढलं. तिथं मोठमोठी माणसं, कुणी शिक्षक, कुणी वकील, सकाळी उठून 'आज डबा सीन असेल का' म्हणून विचारायची. समीरला गोष्टीत ताप आला तर एकानं खरंच देवळात जाऊन नारळ फोडला आणि त्याचा फोटो टाकला. मला आधी हसू यायचं. नंतर ते येईनासं झालं. तालुका कचेरीच्या त्या गोष्टीत दारात उन्हात उभी असलेली म्हातारी माणसं दिसायची, सात-बारासाठी परत परत येणारी. त्यांच्याबद्दल त्या ग्रुपवर कधी एक ओळ आली नाही.

मग मीनलला बढती आली. नाशिकला, वरच्या पदावर. तिनं जायचं की समीरसाठी थांबायचं, यावर मालिका येऊन अडली आणि ग्रुप पेटला. तिनं ऑर्डर फाडलीच पाहिजे, असं सगळ्यांचं म्हणणं. एका मास्तरांनी स्त्रीच्या त्यागावर लांबलचक लिहिलं, त्याखाली बदामांची रांग लागली. काहींनी तर ते काम करणाऱ्या नटीलाच शिव्या धाडल्या, जणू नाशिकला तीच निघाली होती. माझ्या खोलीतल्या प्रमोदचं मला जास्त नवल वाटलं. अशाच कचेरीतल्या कारकुनाच्या जागेसाठी तो दोनदा परीक्षेला बसला होता आणि निकाल लागला त्या दिवशी जेवला नव्हता. तो मला सांगत होता, की नोकऱ्या काय, मिळतात. मी त्याला विचारलं, समीरला बढती आली असती तर? तो म्हणाला, "मग ती गेली असती की त्याच्याबरोबर." त्यात विचारण्यासारखं काय आहे, हे त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

हे मी फोनवर आक्काला सांगितलं.  ती म्हणाली, "ह्यांच्या पोरीची ऑर्डर आसती तर पेढं वाटलं असतं का न्हाय रं?" आणि मग सहज सांगावं तसं तिनं एक सांगितलं, जे मला माहीत नव्हतं. लग्नानंतर तिची शेजारच्या गावात अंगणवाडीला मदतनीस म्हणून निवड झाली होती. सासरच्यांनी सांगितलं, रोज गाडीनं जाणार-येणार, मग घरातलं कोण बघणार. "मी बी न्हाय गेलो. कुणी पोस्तं लिहिली न्हाईत त्याच्यावर," ती म्हणाली आणि हसली. पण त्यानंतर दर फोनला तिचा पहिला प्रश्न मीनलचाच असायचा. माझ्या अभ्यासाचं नंतर.

शेवटचं भेटलो तेव्हा आक्काचा दम वाढला होता. डॉक्टरांनी तंबाखूपासून लांब राहायला सांगितलं होतं, तिचं शेडमध्ये जाणं बंदच झालं होतं. बायका दुपारी तिच्या घराच्या पुढच्या सोप्यात येऊन बसायच्या. नुसती पानं कातरायचं काम तिथं आणायच्या, तंबाखूचं शेडमध्येच. आक्का बाजेवर पडून ऐकायची. फोन धरायचं बळ नव्हतं, म्हणून सांगायचं काम सुशीलाकडं आलं होतं, आणि पद्धत मोडायची नाही म्हणून तीही इअरफोन एकाच कानात घालायची. मी थांबतो म्हणालो. आक्का म्हणाली, "जा, परीक्षा दे. हितं बसून माझा दम मोजू नगंस." दारापर्यंत गेलो तर पुन्हा हाक मारली. "ती गेली पायजे बघ बाळू. एवढं बघून घेतो मी..."

शेवटचा भाग आम्ही होस्टेलच्या जेवणघरात बघितला. मीनलनं ऑर्डर फाडली. तुकडे समीरच्या डोक्यावर उधळले, अक्षतांसारखे, आणि त्याच्यापुढं डबा उघडला. पोरं बाकांवर चढून ओरडत होती. ग्रुपवर कुणी लिहिलं, आपण जिंकलो. प्रमोदनं पेढे आणले होते. एका खोट्या बाईनं हातात आलेली बढती फाडली म्हणून पेढे! मला त्या सगळ्यांची किळस आली, हे मी इथं स्पष्टच लिहितो. दुसऱ्या दिवशी सुशीला तो भाग आक्काला सांगणार होती, आणि ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपर देऊन आलो तेव्हा संध्याकाळी वडिलांचा फोन आला. चारच्या सुमाराला आक्का गेली होती. दुपारी बायका येऊन गेल्यावर.

मी निपाणीच्या गाडीत बसलो तेव्हाही ग्रुपवर समीनलच्या लग्नाचे खोटे आहेर चालले होते. मी ग्रुप सोडला. पण एक गोष्ट सुटली नाही. आक्कानं शेवटचं ऐकलं ते हेच, फाडलेली ऑर्डर आणि उघडलेला डबा... दिवस झाले, लोक पांगले, तरी सुशीलाला विचारायचा धीर होईना.

परवा तिनंच विषय काढला. शेडमध्ये गेलो होतो, आक्काचं सूप तिच्या जागेवर भिंतीला उभं करून ठेवलंय. सुशीला वळता वळता म्हणाली, "बाळू, त्या दिशी मी बघितलं सगळं. ती फाडाय लागली आन् माझ्या तोंडातनं निघंना. आक्का माझ्याकडं बघत हुती." मग आक्काला तिनं काय सांगितलं, ते तिनं मला तसंच पुन्हा सांगितलं. मीनलनं ऑर्डर घडी करून पिशवीत ठेवली. टेबलाचं कुलूप लावलं. समीर दारात उभा होता, त्याला म्हणाली, बाजूला सर. मग स्टँडवर आली, कोल्हापूरची गाडी लागलीच होती, खिडकीची जागा मिळाली. सुशीलानं नाशिक बघितलेलं नाही, तिनं मीनलला आमच्या निपाणीच्या स्टँडवरून पाठवलं. बाकीच्या बायकांतली एकही त्यात बोलली नाही.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं, आणि एकच विचारलं.

"आन् डबा?"

"डबा घिऊनच गेली, आक्का."

"बरं केलं," आक्का म्हणाली.