साहेबांसाठी खरवडलेली घाटी

"टू-व्हील ड्राइव्ह पुरेल. इथे सही करा," आमचे मुंबईचे विश्वस्त म्हणाले.

"नाही करणार," मी म्हटलं.

कुडाळच्या ऑफिसातल्या टेबलावरून मी कागद परत त्यांच्याकडे सरकवला. संस्थेच्या गाड्यांचं काम माझ्याकडे आहे. फिरत्या दवाखान्यासाठी नवी व्हॅन घ्यायची होती, आणि ती आमच्या रस्त्यांवर चालेल असं मी लिहून द्यायचं होतं. चालणार नाही हे दिसत असताना का देऊ?

गोष्ट साधी आहे. टू-व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. या व्हॅनमध्ये पुढच्या. चढावर वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि शेवाळलेल्या जांभ्या दगडावर जागच्या जागी फिरतात. फोर-व्हीलमध्ये चारही चाकं जोर लावतात. ती महाग असते, डिझेलही जास्त पिते. मान्य. पण वरच्या वाडीत शांताकाकी राहतात. साखरेच्या आजारामुळे त्यांच्या पायाची जखम भरत नाही. ड्रेसिंगसाठी त्यांना खुर्चीला बांबू बांधून घाटी, म्हणजे वाडीची चढण, उतरवावी लागते. गेल्या पावसात उचलणारे घसरले आणि काकी खुर्चीसकट आपटल्या. तेव्हापासून त्यांचं एकच, "पाय गेलो तरी चलात, त्या खुर्चयेर बसूचंय नाय."

विश्वस्त साहेब म्हणाले, "डेमो घेऊ. प्रत्यक्षच बघू."

श्रावणात डेमोची व्हॅन घेऊन गेलो. बघते तर घाटी लालभडक, शेवाळाचा पत्ता नाही! वाडीतले आबा छाती काढून उभे.

"सायब येतले म्हणान खरवडून काढली. चतुर्थेक गणपती हाडताना खरवडतंव ना, तशी!"

मी कपाळावर हात मारला. व्हॅन सरसर देवळापर्यंत चढली. तिथे साहेबांसाठी खुर्ची आणि शहाळं तयार.

"बघा! आता सही?"

"काकींचं घर अजून वर आहे."

खरवडणं साहेबांच्या खुर्चीपाशीच थांबलं होतं. मी व्हॅनमध्ये चढले. ड्रायव्हरला म्हटलं, "वर घ्या."

"त्याची काही गरज नाही," साहेब म्हणाले.

"मला आहे. बसा, साहेब."

बसले बिचारे. पहिल्याच वळणावर पुढची चाकं गरगरली. गाडी मागे सरकली, तिरकी झाली आणि गडग्याला, म्हणजे कडेच्या दगडी बांधाला, जाऊन टेकली. साहेबांनी सीट घट्ट धरली होती. खालून आबा ओरडले, "थांबा सायबानु, हयसर पण खरवडतंव!"

"आबा, शेवाळाला हात लावाल तर बघा!" मी त्यांच्यावर ओरडले. खरंच चिडले होते.

साहेब उतरले. चप्पल हातात घेऊन, गडग्याला धरत काकींच्या अंगणापर्यंत गेले. काकींचा पाय बघून परत आले.

"फोर-व्हीलचं कोटेशन मागवा."

"मागवते. तिचाही डेमो इथेच होईल, न खरवडता."

ती चढली. मग मी सही केली.

आता व्हॅन थेट अंगणात जाते. पहिल्या दिवशी काकी ओट्यावर पाय पसरून म्हणाल्या, "एवढी मोठी गाडी माज्या एका पायासाठी?"

"हो," मी म्हटलं, "एका पायासाठी."

तेव्हापासून एक नियम केला आहे. गाडीचा डेमो असेल तर साहेब येणार हे गावाला कळू द्यायचं नाही.