अण्णांच्या गाडीचं हँडल

१९७१च्या फेब्रुवारीतला एक शनिवार, काष्टीचा बाजारदिवस. रक्कम तीन हजार दोनशे रुपये, शंभराच्या बत्तीस नोटा, माझ्या पिशवीत. हजर माणसे चार: गाडीचे मालक अण्णा, पुण्याचे एक डॉक्टर, कानमिस्त्री आणि मी. पैसे मिस्त्रींचे होते. मी तेव्हा साखर कारखान्यात टाइमकीपर होतो. मिस्त्रींना लिहिता-वाचता येत नसे, म्हणून त्यांचे पोस्टाचे पुस्तक नऊ वर्षे माझ्याकडे असे.

कानमिस्त्री हे नाव श्रीगोंद्याने ठेवलेले. गाडी दाखवायला आणली की ते आधी डोळे मिटत. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर. रंग आणि चकाकी यांवर बोलणाऱ्यांचा त्यांना कंटाळा. एका बागाईतदाराने मागे पंख असलेली लांबलचक विलायती गाडी आणली, तेव्हा अर्धे गाव तिच्याभोवती फिरत होते. मिस्त्रींनी कान लावला आणि म्हणाले, "हिला बघाया रस्ता थांबंल. मंग ही बी थांबंल." अँबेसेडरला ते सासू म्हणत. कुरकुर करते, पण घर चालवते.

अण्णांच्या गाडीविषयी मात्र ते मत देत नसत. ती युद्धाआधीची, काळी, बाजूला पायरी असलेली. अकरा वर्षे ती त्यांनीच चालती ठेवली होती. महिन्यातून एकदा सायकलने काष्टीला जात, काम असो वा नसो. विकायची झाली तर तुलाच, असे अण्णा म्हणाले होते. किंमतही ठरली होती. शेवटच्या दोनशेसाठी मिस्त्रींनी विडी सोडली.

आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर गाडीभोवती फेऱ्या मारत होते. त्यांच्याकडे अशा जुन्या तीन गाड्या होत्या, ही चौथी. त्यांनी साडेपाच हजार सांगितले होते. अण्णांच्या विहिरीचे काम अर्ध्यावर थांबलेले. शब्द दिल्याचे त्यांना आठवत होते, म्हणूनच ते आमच्याकडे बघत नव्हते. डॉक्टरांची अट एकच: इंजिनाबद्दल मिस्त्रींनी सांगावे, ते नको म्हणाले तर मी परत जातो.

म्हणजे मिस्त्रींनी नुसती नकाराची मान हलवायची होती. गाडी त्यांचीच झाली असती. चौघांनाही ते कळत होते.

गाडीचा सेल्फ कधीच गेलेला. अण्णांनी पुढून हँडल मारले, तिसऱ्या झटक्याला इंजिन लागले. मिस्त्रींनी डोळे मिटले. मी मनगटावरचे घड्याळ पाहिले. एक मिनिट, दोन, तीन. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "मिस्त्री, न्हाई म्हणा. बास." हे मी म्हणालो, ते इथे लिहून ठेवतो.

चौथ्या मिनिटाला त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला. "तिसऱ्या सिलिंडरच्या बाजूला पानी फिरतं त्या जाकिटाला चीर हाय. तांब्याच्या खिळ्यांनी मी शिवलीय. सा वरसं थेंब न्हाई गळला. फुडचं मला म्हाईत न्हाई. बाकी इंजन लई चांगलं हाय."

डॉक्टरांनी वाकून ती चीर पाहिली. बराच वेळ ते खाली वाकलेले होते. उठले ते पाकीट काढतच. चीर मला दिसली नसती, तुम्ही सांगितलीत, आता मला भरवसा आहे, असे म्हणाले. खरे बोलल्यामुळे गाडी गेली.

इंजिन चालूच होते. सह्या झाल्या आणि डॉक्टर दौंडच्या रस्त्याला लागले. धूळ बसल्यावर अण्णांनी धोतराच्या सोग्याआडून हँडल काढून मिस्त्रींच्या हातात दिले. मिस्त्री दचकले. "अण्णा, ह्याच्याबिगार गाडी सुरू हुयाची न्हाई."

"बैल इकला तरी दावं कोन देतं का?" अण्णा म्हणाले. "दावं घरात राहातं. माझ्या घरात ठेवाया मला तोंड न्हाई. तू ने."

डॉक्टर दौंडला चहाला थांबले, तिथून हमालांनी ढकलून गाडी सुरू केली. पुढच्या आठवड्यात त्यांचा ड्रायव्हर श्रीगोंद्याला आला, हँडलचे पन्नास रुपये द्यायला तयार. मिस्त्रींनी ते दिले नाही. त्याला बसवून ठेवले, लोहाराकडून तसेच दुसरे घडवून घेतले आणि स्वतः कानस मारून टोक बसते केले. ड्रायव्हरने विचारले, गाडी कशी आहे म्हणून सांगू? इंजिनाबद्दल ते त्या दिवशी बोलले होते, गाडीबद्दल मत मात्र अकरा वर्षांत आता पहिल्यांदाच दिले. "सांग, थंडीत तिला घाई करू नका."

जुने हँडल त्यांच्या भिंतीवरच्या खिळ्याला सोळा वर्षे टांगलेले होते. आता माझ्या घरी आहे, त्यांच्या मुलाने आणून दिले. गाडी त्यांनी पुढे कधीच घेतली नाही.

गाडीचे साडेपाच हजार, अण्णांना. नव्या हँडलचे साडेचार रुपये, लोहाराला. बत्तीस नोटा त्याच संध्याकाळी मी मिस्त्रींना परत दिल्या. त्यांनी त्या न मोजता घेतल्या आणि वाटेत विडीचे एक बंडल घेतले.