सर्वांत खालची फाईल

पाहुणा दिसला की आपल्या माणसांना शाल आणि नारळ आठवतो. मी तर त्यातला अट्टल. इथे सिंगापुरात सेम्बावांगच्या शिपयार्डातला माझा नेपाळी सहकारी एकदा म्हणाला, "माझे काका डोळ्यांच्या ऑपरेशनला येतायत आणि मला नेमकं जहाजावर जावं लागतंय. तुमच्याकडे राहतील का?" हे काका कम्युनिस्ट पक्षाचे माजी मंत्री आहेत असं कळल्यावर मी होकार देण्याआधी सत्काराचा रविवार ठरवला.

यिशुनच्या आमच्या फ्लॅटवर काकाजी आले ते एक कापडी पिशवी घेऊन. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, भिंतीला हात लावत चालायचे. गावच्या शाळेत मास्तर, मग भूमिगत, मग काही वर्षं तुरुंग, मग निवडणूक आणि मंत्रिपद, सरकार पडल्यावर पुन्हा भाड्याच्या दोन खोल्या. हे सगळं ते हिंदीतून असं सांगत, जणू शेजाऱ्याची हकिगत. जेवण झालं की चाचपडत जाऊन स्वतःचं ताट धुवायचे.

"बाबा, मिनिस्टर अंकल ओन प्लेट वॉश करतात लाह! यू नेव्हर!" माझी मुलगी म्हणाली. त्या दिवसापासून मलाही ताट धुवावं लागलं.

रविवारी हॉलमध्ये पंधरा-वीस मराठी मंडळी जमली. मी कागदावरून परिचय वाचत होतो आणि 'डोंगरातल्या गावागावांना पूल देणारे मंत्री' या वाक्यावर आलो. काकाजींनी हात वर केला.

"एक दुरुस्ती. माझ्या गावाला नाही दिला."

त्यांच्या गावाच्या नदीवर एक तार होती. माणसं पाळण्यात बसून, दोराने ओढून घेत पलीकडे जायची. मंत्री झाल्यावर टेबलावर पुलांच्या फाइली आल्या, त्यात त्यांच्या गावाचीही होती. "मी ती सर्वांत खाली ठेवली," ते म्हणाले. "स्वतःच्या घरापुढे पहिला पूल बांधला, असं कुणी म्हणू नये. वरच्या सगळ्यांवर सह्या झाल्या आणि सरकार पडलं."

"आमच्याकडे आधी पूल होतो, मग नदी शोधतात," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

काकाजी हसले नाहीत. "पुढच्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीचे, दिदीचे यजमान त्या तारेवरून पडून गेले. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही."

शाल माझ्या हातातच राहिली. मला माझी भयंकर लाज वाटली.

संध्याकाळी मी माफी मागितली, तेव्हा त्यांनी पिशवीतून एक बंद पाकीट काढलं. ते काठमांडूहून निघाले त्याच दिवशी दिदीचं पत्र आलं होतं. तिथेच कुणाकडून का नाही वाचून घेतलं, असं मी विचारलं.

"भूमिगत असताना एक चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात गेली आणि माझा साथी पकडला गेला. तेव्हापासून माझं पत्र मीच वाचतो. शिवाय दिदीला अक्षरं मी शिकवलीत." मग हळूच म्हणाले, "खरं सांगू? तुरुंगाची एवढी भीती वाटली नव्हती."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली आणि बजावलं की डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, दुसरा डोळा तीन आठवड्यांनी. घरी येताच काकाजी माझा चष्मा मागून खिडकीशी बसले. मी स्वयंपाकघरात उगाचच चहा उकळत राहिलो. मग त्यांनी मला हाक मारली आणि पत्राचा अर्थ सांगितला.

"लिहिते, पूल अजून झाला नाही. मोटारीच्या रस्त्याने लांबून फिरून येऊ नकोस. आमच्यासारखा तारेवरून ये. इकडून दोर मी ओढीन."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काकाजी, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाहीये!" मी रागावलो. या आयुष्यात मी पुढाऱ्यांच्या मागेपुढे पुष्कळ केलं. पाया पडावंसं वाटलं ते याच एका माणसाच्या.

त्यांनी मला उद्याचं तिकीट बघायला सांगितलं.

"आणि दुसरा डोळा?"

"तार एका डोळ्यानेही दिसते," ते म्हणाले आणि पिशवी भरायला लागले.